घायपाताच्या अर्काची बखर

इ. स. १६१९ मध्ये सेबास्तिआन दे पिनेदा नावाच्या एका स्पॅनिश कप्तानाने फिलिपिन्स बेटांच्या आरमारी व्यवस्थेविषयी आपल्या राजाला, म्हणजे तिसऱ्या फिलिपला, एक लांबलचक अर्ज लिहिला. त्यात जहाजांना लागणारे लाकूड आणि कारागिरांची उपलब्धता यांचा ऊहापोह करता करता कप्तानाची लेखणी एका निराळ्याच विषयाकडे वळली आहे. मनिलाहून मेक्सिकोच्या किनाऱ्याला जाणाऱ्या जहाजांवरचे फिलिपिनो खलाशी एकदा तिकडे उतरले की परतीचे नाव काढीत नाहीत, १६१८ साली ‘एस्पिरितू सांतो’ या जहाजावर गेलेल्या ७५ खलाशांपैकी पाचांहून अधिक माघारी आले नाहीत, आणि तिकडे राहून ते माडाच्या रसाचे मद्य गाळतात, अशी त्याची फिर्याद होती. हे मद्य ब्रँडीइतके कडक असल्यामुळे तेथील मूळ रहिवासी स्पेनहून येणाऱ्या द्राक्षमद्याला विचारीनासे होतील आणि तो व्यापार बुडेल, सबब या खलाशांना हुडकून स्वदेशी पाठवावे, माड तोडावेत आणि मद्य गाळण्याची भांडी जाळून टाकावीत, असे त्याचे मागणे होते.

लोकांच्या हातातील धंद्यांचा इतिहास बहुधा अशाच कागदांतून शोधावा लागतो, कारण भट्टी लावणाऱ्याने स्वतः काही लिहून ठेवलेले नसते. त्याच्याविरुद्ध फिर्याद करणाऱ्याने मात्र लिहिलेले असते. मनिला आणि आकापुल्को या बंदरांमध्ये १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, ज्या जहाजांची ये-जा चालू होती, त्यांतून चिनी रेशीम आणि मेक्सिकोची चांदी गेली-आली हे सर्वश्रुत आहे; परंतु त्याच जहाजांतून पळालेल्या गरीब खलाशांनी मेक्सिकोच्या पश्चिमेकडील कोलिमा प्रांतात माडाच्या बागांच्या आश्रयाने जी विद्या नेली, तिचा हिशेब कोणत्याही जकातखात्यात झाला नाही. पिनेदाची भीती माडाच्या मद्यापुरती होती. कोलिमाच्या किनाऱ्यालगतच उभ्या असलेल्या डोंगरांत राहणाऱ्या लोकांकडे दुसरीच एक वनस्पती आहे, आणि खलाशांची भट्टी त्या वनस्पतीच्या रसाला जशीच्या तशी लागू पडेल, हे मात्र त्याच्या ध्यानी आले नव्हते.

ती वनस्पती म्हणजे घायपात. आपल्याकडे देशावरील माळरानावर, शेताच्या बांधावर आणि रेल्वेमार्गाच्या कडेला कुंपण म्हणून लावलेला हा काटेरी झुबका कोणी पाहिला नाही असे होणार नाही. कित्येक गावांत त्याला केकताड म्हणतात, आणि त्याची पाने कुजवून, झोडपून काढलेल्या वाखाचे दोर वळण्याचे काम मांग समाजातील कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. तथापि ही वनस्पती आपली नव्हे. तिच्या सुमारे दोनशे जातींचे मूळ घर अमेरिका खंडात असून त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जाती एकट्या मेक्सिकोत आढळतात. आपण तिच्याकडून दोर आणि कुंपण घेतले. मेक्सिकोच्या लोकांनी तिच्याकडून दोर, वस्त्र, सुई, छपराचे साहित्य, अन्न आणि पेय असे सर्वच घेतले, आणि १५९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात होसे दे आकोस्ता या जेझुइट धर्मोपदेशकाने तिला चमत्कारांचे झाड म्हटले, ते याच कारणाने.

या अन्नाची प्राचीनता विस्मयकारक आहे. दक्षिण मेक्सिकोतील ओआहाका राज्यात मित्ला गावाजवळ गिला नाकित्झ नावाची गुहा आहे. तेथील उत्खननात सहस्रावधी वर्षांपूर्वीच्या माणसांनी भाजलेले घायपात चघळून टाकलेले चोथे सापडले. कच्चा घायपात खाता येत नाही. त्याचा रस अंगाला लागला तरी आग होते. परंतु पाने छाटून उरलेला मधला गड्डा जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर दिवसचे दिवस पुरून ठेवला, की त्यातील फ्रुक्टान नावाची, जिभेला न कळणारी साखर उष्णतेने फुटते आणि गड्डा गुळासारखा गोड व तपकिरी होतो. शेतीचा शोध लागण्याच्या आधीपासूनच्या त्या माणसांना हे रसायन ठाऊक होते, आणि आज जे घायपाताचे गाळीव मद्य मेस्काल म्हणून ओळखले जाते त्याचा पाया त्यांनीच घातला.

या वनस्पतीचे दुसरे प्राचीन पेय पुल्के. ते गाळलेले नसून नुसते आंबवलेले असते, आणि त्याची कथा स्वतंत्र व मोठी आहे. येथे इतकेच सांगणे पुरे, की फुलाचा दांडा फुटण्याच्या बेतात असलेल्या विशाल घायपाताचा गाभा कोरून, त्यात रोज जमणारा गोड रस लांबट भोपळ्याच्या नळीने ओढून घेत, आणि तो आंबवून तयार झालेले पांढुरके पेय अस्तेक लोक देवकार्यासाठी राखून ठेवीत. मायावेल ही घायपाताची देवी, आणि पुल्केचे देव म्हणजे ४०० ससे. स्पॅनिश अंमलाच्या आरंभी तयार झालेल्या मेंदोसा पोथीत सत्तरी गाठलेली वृद्ध माणसे खुशाल पीत बसलेली दाखविली आहेत, आणि त्याच पृष्ठावर तरुणपणी मद्यधुंद होणाऱ्यांना देहान्त शिक्षा दाखविली आहे. वाटेल त्याने वाटेल तेव्हा प्यावे असे हे पेय नव्हते. त्याला काळ, वय आणि प्रसंग यांची मर्यादा होती.

अशा मुलखात फिलिपिनो भट्टी आली. तिची रचना समजून घेण्याजोगी आहे. खाली चुलाणावर तांब्याची काहील, तीवर पोकळ केलेला झाडाचा बुंधा उभा, आणि बुंध्याच्या तोंडावर थंड पाण्याने भरलेली दुसरी काहील. आंबलेल्या रसाची वाफ वर चढते, थंड काहिलीच्या बुडाला लागून तिचे थेंब होतात, ते बुडाच्या मध्यावरून खाली धरलेल्या लाकडी पळीत पडतात आणि पळीला जोडलेल्या वेळूच्या नळीतून बाहेर ठेवलेल्या भांड्यात वाहू लागतात. युरोपातील अरबी घडणीच्या भट्टीप्रमाणे वाफ लांब नळीने बाहेर नेऊन थंड करण्याची गरज येथे नाही. सारे एका बुंध्याच्या पोटात घडते. कोलिमा, दक्षिण हालिस्को आणि मिचोआकान येथे अशा भट्ट्या अद्याप चालतात. हेन्री ब्रुमन या अमेरिकन भूगोलज्ञाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्या पाहून त्यांचा संबंध मनिलाच्या जहाजांशी जोडला. स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच मेक्सिकोत मद्य गाळीत असत, असे कापाचा येथील मातीच्या प्राचीन भांड्यांवरून प्रतिपादन करणारेही विद्वान आहेत, आणि त्या मताचा स्वाभिमानपूर्वक पुरस्कार होतो. परंतु पश्चिम मेक्सिकोपुरते तरी यंत्राची घडण आणि कोलिमातील माडाच्या मद्याचा लेखी पुरावा ही दोन्ही ब्रुमनच्या बाजूने साक्ष देतात, असे माझे मत आहे. पिनेदाच्या अर्जानंतर दोनच वर्षांनी, १६२१ मध्ये, दोमिंगो लासारो दे आरेगी याने नुएवा गालिसिया प्रांताचे जे वर्णन लिहिले, त्यात घायपाताचे गड्डे भाजून, पिळून, त्यांपासून पाण्यासारखे स्वच्छ आणि कडक मद्य गाळतात, अशी नोंद आहे.

या देवघेवीची एक दुसरी बाजू आपल्या अगदी जवळ आहे. काजूचे झाड ब्राझीलहून पोर्तुगीजांनी गोव्यात आणले, आणि माडाच्या सुरेपासून फेणी गाळणाऱ्या गोवेकरांनी आपली भट्टी त्या परक्या फळाच्या रसाला लावली. तिकडे मेक्सिकोत आशियाची भट्टी अमेरिकेच्या वनस्पतीला लागली. दोन्ही ठिकाणी साम्राज्यांच्या जहाजांनी माल वाहिला, पण विद्येची सांगड घातली ती मळ्यांत आणि किनाऱ्यांवर राबणाऱ्या माणसांनी, आणि दोन्ही ठिकाणी त्यांचे नाव कोणी नोंदवून ठेवले नाही.

आता खुद्द कारागिरीकडे वळू. ओआहाकात मेस्कालच्या भट्टीच्या जागेला पालेंके, दुरांगोत विनाता आणि हालिस्कोत ताबेर्ना म्हणतात. जागेचे नाव बदलले तरी कामाचा क्रम तोच. या धंद्यातील पहिली वस्तू म्हणजे काळ. घायपात आयुष्यात एकदाच फुलतो आणि फुलला की मरतो. आयुष्यभर साठविलेली सारी साखर तो उंच दांडा उभारण्यात खर्चून टाकतो. म्हणून दांडा फुटू लागताच तो छाटून टाकतात आणि रोपाला पुढे काही महिने तसेच उभे ठेवतात, म्हणजे वर चढणारी साखर गड्ड्यातच राहते. एस्पादिन ही लागवडीची जात साधारणपणे सहा ते आठ वर्षांत तयार होते; उंच, सावलीच्या जागी वाढणाऱ्या तोबालाला दहा-पंधरा वर्षे लागतात; आणि कड्याकपारींना धरून राहणाऱ्या तेपेस्तातेला पंधरापासून पंचवीस वर्षांपर्यंत. बापाने हेरून ठेवलेला घायपात मुलाने तोडावा, ही येथे नित्याची गोष्ट आहे. ज्या धंद्यात कच्च्या मालाचे वय एका पिढीच्या वयाएवढे असते, त्या धंद्याला व्यापाऱ्याची घाई मानवत नाही, आणि पुढील सर्व इतिहास या एका विसंगतीतून उद्भवला आहे.

पाने छाटून मोकळा केलेला गड्डा अननसासारखा दिसतो. जमिनीत खोदलेल्या शंकूच्या आकाराच्या खड्ड्यात ओक किंवा अन्य टणक लाकडाचा जाळ करून त्यावर नदीतले गोटे लालभडक तापवितात, त्यांवर ओल्या चोथ्याचा थर देऊन फोडलेले गड्डे रचतात, आणि चटया व माती यांनी सारे झाकून तीन ते पाच दिवस पुरून ठेवतात. मेस्कालचा धुरकट वास येतो तो येथून. भाजलेले गड्डे काही गावांत लाकडी द्रोणीत घालून मोगरीने कुटतात, जे काम पाहणाऱ्याच्याही अंगावर घाम आणते. इतरत्र घोडा किंवा खेचर जुंपलेल्या दगडी चाकाखाली त्यांचा चेंदा करतात. मग तो रस चोथ्यासकट लाकडी पिंपांत, क्वचित दगडी कुंडांत, आणि सांता मारिया इश्कात्लानसारख्या गावी चौकटीला टांगलेल्या गाईच्या कातड्यात, उघड्यावर आंबत ठेवतात. विरजण म्हणून बाहेरून काही घालीत नाहीत. हवेतील, लाकडातील आणि पानांवरील सूक्ष्म जीव आपले काम करतात, आणि उन्हाळ्यात चार दिवसांत होणारे काम थंडीत दुप्पट काळ घेते. कोणत्या क्षणी रस भट्टीवर चढवावा, हे ठरविताना मेस्कालेरो, म्हणजे मेस्काल गाळणारा कारागीर, पिंपाला कान लावतो, वास घेतो, बोट बुडवून चाखतो. हे ज्ञान पोथीत उतरत नाही, आणि उतरविण्याचा प्रयत्न करणाऱ्यांनी बहुधा त्याचा अर्धाच भाग टिपला आहे.

सांता कातारिना मिनास या गावी भट्टीही मातीची असते: चुलीवर बसविलेल्या मातीच्या हंड्यावर बुडाविना दुसरा हंडा, आणि त्यावर थंड पाण्याची वाटोळी काहील, आतले थेंब टिपण्याचे तत्त्व फिलिपिनो बुंध्याचेच. बहुतेक मद्य दोनदा गाळतात. पहिल्या धारेचे अति कडक मद्य वेगळे, मधले वेगळे, शेवटचे आंबूस पाणी वेगळे; या तिन्हींच्या मिश्रणात प्रत्येक घराण्याची ओळख असते. कडकपणा जोखण्यासाठी वेळूच्या नळीने मद्य तोंडाने ओढून भोपळ्याच्या वाडग्यात पुन्हा सोडतात आणि पृष्ठावर उठणारे बुडबुडे, ज्यांना तेथे मोती म्हणतात, किती मोठे होतात आणि किती वेळ टिकतात ते पाहतात. या रीतीला अडाणी समजूत म्हणून हसणाऱ्यांना २०२० साली उत्तर मिळाले: भौतिकशास्त्रज्ञांनी मोजून दाखविले की मद्यार्काचे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास असताना हे बुडबुडे सर्वाधिक काळ टिकतात, म्हणजे जेथे मेस्कालेरोला हवे असते तेथेच.

हे मद्य कशासाठी गाळीत, हेही पाहिले पाहिजे. ओआहाकाच्या खोऱ्यातील झापोतेक खेड्यांत गेलागेत्सा नावाचा देवघेवीचा दस्तूर आहे: एखाद्या घरी लग्न किंवा देवाचा उत्सव निघाला की आप्तेष्ट टर्की, मका, कोको आणि मेस्काल आणून देतात, कुटुंब त्याची वहीत नोंद ठेवते आणि पुढे त्यांच्या कार्यात तितकेच परत करते. लग्नकार्यासाठी तिसऱ्यांदा गाळताना भट्टीत फळांसोबत कोंबडीचा किंवा टर्कीचा उराकडील भाग टांगून पेचुगा नावाचे खास मेस्काल करतात. प्यायला आरंभ करण्यापूर्वी चार थेंब जमिनीला देण्याची वहिवाटही अनेक गावांत आहे.

सरकारची नजर या धंद्यावर पडली ती, सर्व काळी पडते तशी, उत्पन्नासाठी. स्पेनच्या द्राक्षमद्याला धक्का लागू नये म्हणून वसाहतीतील मद्यांवर बंदी, आणि बंदी पाळली जात नाही असे दिसताच मक्ता देऊन कर; हे चक्र सतराव्या शतकापासून फिरत राहिले. १७८५ साली स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने पुन्हा मनाईचे फर्मान काढले. १७९५ साली चौथ्या कार्लोसकडून हालिस्कोतील टकिला गावच्या कुएर्वो घराण्याला मद्य गाळण्याची सनद मिळाली. ज्याला सनद मिळाली तो कारखानदार झाला. ज्याला मिळाली नाही तो दऱ्याखोऱ्यांत गेला. दरीत पाणी असते, लाकूड असते, धूर दिसत नाही, आणि अंमलदार यायच्या आत मातीचे हंडे फोडून टाकता येतात. उत्तरेकडील सोनोरा राज्यात तर प्लुतार्को एलिआस कायेस या गव्हर्नरने १९१५ साली मद्यबंदी केली, आणि बाकानोरा नावाचे तेथील घायपाताचे मद्य १९९२ पर्यंत बेकायदा राहिले. एवढ्या काळात ती विद्या नष्ट झाली नाही, याचे श्रेय कोणत्याही संरक्षक कायद्याकडे जात नाही.

टकिला गावच्या मद्याची वाट निराळी झाली. ते वस्तुतः मेस्कालच होते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खड्ड्याच्या जागी वाफेच्या विटांच्या भट्ट्या आल्या, अनेक जातींच्या जागी एकच निळसर घायपात आला, ज्याचे शास्त्रीय नामकरण १९०२ साली वेबर या फ्रेंच लष्करी डॉक्टरच्या लेखणीने झाले, आणि पुढे नियमांनी अशीही मुभा दिली की आंबविण्याच्या रसात किमान ५१ टक्के साखर घायपाताची असली की पुरे. १९७४ मध्ये टकिला हे नाव कायद्याने विशिष्ट प्रदेशापुरते राखून ठेवण्यात आले, आणि १९९४ मध्ये मेस्काल या नावाचीही तीच व्यवस्था झाली.

माझा मुद्दा येथेच आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. मेस्काल हे नाव शतकानुशतके कोणत्याही एका प्रांताचे नव्हते. जेथे जेथे घायपात भाजून गाळीत, तेथे तेथे ते चाले. १९९४च्या हुकूमनाम्याने ते प्रथम ओआहाका, गेरेरो, दुरांगो, सान लुईस पोतोसी आणि साकातेकास अशा मोजक्या राज्यांना दिले. पुढे मिचोआकान, पुएब्ला इत्यादिकांची भर पडली, तरी हालिस्कोच्या दक्षिण डोंगरांत, जेथे बुंध्याच्या भट्ट्या अद्याप जिवंत आहेत, तेथील कारागिराला आपल्या आजोबांच्या मद्याला मेस्काल म्हणण्याची चोरी झाली. जी राज्ये मर्यादेच्या आत होती तेथेही प्रमाणपत्र, प्रयोगशाळेची तपासणी आणि त्यांचा खर्च गरीब भट्टीवाल्याला झेपणारा नव्हता. २०१६च्या नियमावलीने साधे, कारागिरी आणि पूर्वापार असे तीन वर्ग करून हाताच्या कामाला काही मान दिला हे खरे; परंतु त्याच सुमारास आलेल्या दुसऱ्या एका मसुद्यात तर मर्यादेबाहेरच्या मद्यांना ‘कोमिल’ असे कोणीही न वापरलेले नाव सक्तीने लावण्याचा घाट होता, आणि लोकांनी तीव्र विरोध केला म्हणूनच तो बारगळला. बंदीच्या काळात सरकारने त्यांची भांडी फोडली. संरक्षणाच्या काळात त्यांचे नाव काढून घेतले. दोहोंत मला दुसरे अधिक क्लेशकारक वाटते, कारण हंडा पुन्हा घडविता येतो.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. १८७८च्या मुंबई आबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद करून मद्य मोठ्या मक्तेदारांच्या हाती दिले, आणि १८९२च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगणेच नियमांच्या कचाट्यात आणले. वारली-कातकऱ्यांचे अन्न आणि पेय ज्या फुलात होते ते त्यांच्याच अंगणात संशयाचा माल ठरले. गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ही आनंदाची गोष्ट होय; पण मोहाची कारागिरी, जी आपल्याकडे अधिक व्यापक होती, तिचा असा आदराचा इतिहास अद्याप लिहिला जायचा आहे.

गेल्या काही वर्षांत मेस्कालला परदेशी गिऱ्हाईक लाभले आणि प्रमाणित उत्पादन २०११ मधील सुमारे १० लक्ष लिटरांवरून दहा वर्षांत सुमारे ८० लक्ष लिटरांवर गेले. पैसा आला, शहरांत गेलेली मुले भट्टीवर परतली, हे निःसंशय चांगले झाले. परंतु वीस वर्षांत तयार होणारा रानटी तेपेस्ताते दोन वर्षांत डोंगरावरून दिसेनासा होऊ शकतो, खड्ड्यांसाठी ओक तुटतात, आणि एस्पादिनचे एकसुरी मळे मक्याची शेते गिळतात. टकिलाच्या मुलखाने या मार्गाचे फळ आधीच भोगले: मुळाशी येणारे फुटवे लावून वाढविलेला निळा घायपात सर्वत्र एकाच रक्ताचा असल्याने गेल्या शतकाच्या अखेरीस रोगाने मळेच्या मळे पोखरले आणि मोठी टंचाई झाली. फुलू न दिलेल्या घायपाताचा दुसरा तोटा वटवाघळांना. लांब नाकाचे जे वटवाघूळ रात्री या फुलांतील मध पिऊन परागीकरण करते, ते १९८८ साली अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेले आणि तीस वर्षांच्या प्रयत्नांनंतर २०१८ साली त्यातून बाहेर आले. त्याच्यासाठी काही शेतकरी आता मळ्यातली काही रोपे मुद्दाम फुलू देतात, आणि रानटी जातींचे बी गोळा करून रोपवाटिका करतात.

प्रमाणपत्राच्या वाटेला न जाणाऱ्या अनेक भट्टीवाल्यांनी मेस्काल हा शब्द सोडून देऊन आपल्या बाटलीवर केवळ ‘घायपाताचा अर्क’ असे लिहिण्यास आरंभ केला आहे. त्याखाली ते गावाचे नाव, घायपाताची जात, गड्डे कोणत्या लाकडावर भाजले, रस कशात आंबवला, किती लिटर निघाले आणि गाळणाऱ्याचे संपूर्ण नाव लिहितात. कित्येक प्रमाणित बाटल्यांवर यातील अर्धी माहितीही नसते.